ममदापूरच्या माळावर, काळविटाच्या हद्दीबाहेर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे चारला नाशिक सोडलं. चांदोरी, निफाड, विंचूर सगळं अंधारातच मागे पडलं. येवल्याच्या विंचूर चौफुलीवर मावसभाऊ शाल पांघरून वाट बघत उभा होता. त्याच्या घरी दोन पिढ्यांपासून पैठणीचे माग आहेत. रात्री उशिरापर्यंत मागावर बसला तरी काळवीट म्हटलं की हा पहाटे तयार असतो. चहा घेतला आणि नांदगाव रस्त्याला लागलो. राजापूर येईपर्यंत पूर्वेला फटफटायला लागलं होतं.

नाशिकचे आम्ही बहुतेक हौशी फोटोग्राफर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर हात बसवतो. काळवीट बघायचं म्हटलं की लोक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीचं नाव घेतात. आपल्याच जिल्ह्यात येवला तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी या गावांच्या माळावर काळविटांचे कळप आहेत, हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. २०१४ साली इथलं सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. जंगल म्हटल्यावर डोळ्यापुढे येतं तसं इथे काही नाही. बोर, बाभूळ, हिवर, मध्ये मध्ये वनखात्याने लावलेली झाडं आणि गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. माळाला लागूनच शेतं सुरू होतात. काळविटाला अशीच मोकळी जागा लागते. त्याचा सगळा भरवसा लांबवर बघण्यावर आणि पळण्यावर असतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण फोटोखाली नाव लिहिताना फार गल्लत होते. आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो, पण त्यात दोन कुळं आहेत. चितळ, सांबर, भेकर ही सारंग कुळातली. त्यांच्या नरांची शिंगं फांद्यांसारखी फुटतात, गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा ही कुरंग कुळातली. त्यांची शिंगं एकदा आली की जन्मभराची. काळविटाच्या शिंगांना पीळ असतो, आणि हा पीळच झुंजीत कामाला येतो.

काळविटांचं मिलन तसं वर्षभर थोडंफार चालू असतं, पण खरा जोर दोनदा येतो. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्च ते मेमध्ये, आणि एकदा पावसाळा सरता सरता, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. गावातले लोक सरळ ‘माजावर आलंय’ म्हणतात. झुंजीचे फोटो मिळतात ते याच दिवसांत, म्हणून आम्ही कॅमेरेवाले येतो तेही याच दिवसांत. त्यामुळे काळविटाला जेव्हा कोणीच जवळ यायला नको असतं, तेव्हाच आमची गर्दी होते.

पहिल्यांदा आलो ते सहा वर्षांपूर्वी. तेव्हा जे केलं ते लिहितो. दीडेकशे मीटरवर एक ऐन काळा नर एकटा उभा होता. आजूबाजूला एकही मादी नाही. मला वाटलं, कळपातून फुटलेला असेल, जवळ गेलं तर काय बिघडतंय. गाडीतून उतरलो आणि बोरीच्या जाळ्यांआडून पोटावर सरकत निघालो. कुसळी गवताची कुसळं कोपरापासून गुडघ्यापर्यंत शर्टात, पँटीत घुसत होती. सत्तर-ऐंशी मीटरवर पोचलो तेव्हा त्याने मान वर केली, पाय आपटला आणि दोन-तीन उंच उड्या घेत उतारापलीकडे गेला. चार फोटो मिळाले, चारही पाठमोरे. तिथेच पडून राहिलो, येईल परत म्हणून. दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूने दुसरा नर आला, अजून थोडा तपकिरी, कोवळा. पहिला जिथे उभा होता नेमका तिथेच येऊन त्याने जमीन हुंगली आणि तिथेच लेंड्या टाकल्या. पहिला त्या सकाळी काही परतला नाही.

तो नर तिथे एकटा का उभा होता, हे मला नंतर वाचून आणि बघून कळलं. माजाच्या काळात ताकदीचे नर माळाचा एकेक तुकडा धरतात. तो कधी दोन-तीन एकरांचा असतो, कधी पंचवीस-तीस एकरांचा. काही नर तो दोन-तीन आठवडेच राखतात, काही कित्येक महिने. माद्या चरत चरत त्या तुकड्यातून जाणार, त्याच वेळी त्याला संधी मिळणार. बाकीचा सगळा वेळ राखण. म्हणजे मला जी रिकामी जमीन दिसत होती तिच्यासाठी तो कित्येक दिवस झगडला असणार. मी चार पाठमोऱ्या फोटोंसाठी ती त्याच्या हातून घालवली. ते फोटो मी अजून पुसलेले नाहीत.

तेव्हापासून गाडीतून उतरायचं नाही, हे ठरलेलं आहे. चौकीवर नोंद करायची, रुळलेल्या वाटेवरच गाडी न्यायची, इंजिन बंद करायचं आणि काच खाली करून बसायचं. काचेच्या कडेवर लेन्स टेकवायला मी गोणपाटाची छोटी पिशवी शिवून घेतली आहे. तिच्यात बाजरी भरलेली असते. वाळूपेक्षा हलकी, आणि लेन्स तिच्यावर छान बसते. गाडी अर्धा-पाऊण तास एका जागी उभी राहिली की काळविटांना तिचं फारसं काही वाटत नाही. दार उघडून माणूस उभा राहिला की मात्र आख्खा माळ रिकामा होतो.

या वेळी वाटेलगतच एका नराची हद्द होती. वाटेच्या अगदी कडेला लेंड्यांचा ढीग होता, सुपाएवढा. खालच्या लेंड्या उन्हाने पांढुरक्या पडलेल्या, वरच्या काळ्याभोर, ओलसर, त्याच रात्रीच्या. शेजारी बोरीची एक वाळकी काडी होती. तिच्या टोकावर डिंकासारखा काळा थेंब चिकटलेला, मोहरीपेक्षा थोडा मोठा. काळविटाच्या डोळ्यांपुढे एक ग्रंथी असते. ती उघडून तो काडीच्या टोकावर अगदी जपून घासतो. डोळ्याजवळ काडी नेताना त्याची मान इतकी हळू फिरते की बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. हे घासणं मला झुंजीपेक्षा मोलाचं वाटतं. फोटोच्या स्पर्धेत त्याला कोणी विचारत नसेल, पण हा प्राणी कसा जगतो ते त्यात दिसतं.

उजाडलं आणि तो दिसला. ढिगाच्या पलीकडे बसलेला होता, आमची गाडी थांबल्यावर उठला. मी भराभर फोटो घेतले. स्क्रीनवर पाहिलं तर पाठ म्हणजे नुसता काळा डाग, डोळाही त्यातच बुडालेला. काळविटाची ही नेहमीची अडचण आहे. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे उन्हात चमकणारं पिवळं गवत. कॅमेरा गवताचा उजेड मोजतो आणि काळ्या रंगातलं सगळं गिळून टाकतो. काळ्यासाठी उजेड वाढवावा तर पोट पांढरंफटक होऊन जातं. मी बटणं फिरवत असताना भाऊ दुर्बिणीतून बघत होता. म्हणाला, “दादा, हा काळा नाहीये. काळ्या ताण्यात तपकिरी बाणा टाकला की धूपछाँव येते ना, तसा आहे. मान वळली की बघ.”

मी मान वळायची वाट पाहिली. ऊन तिरकं पडलं आणि मानेवर, खांद्यावर गडद तपकिरी झाक उजळून गेली. बरोबर होतं त्याचं. मग मी समोरून उजेड घेणं सोडलं, ऊन बाजूने पडेल अशी त्याची वळणं तेवढी टिपत राहिलो, आणि पोट जळणार नाही इतपतच उजेड ठेवला. सहा वर्षांत मला जे सुचलं नव्हतं ते मागावर बसणाऱ्या माणसाने एका वाक्यात दाखवून दिलं.

पावणेआठच्या सुमारास अकरा माद्या आणि दोन पाडसं चरत आली. आता त्याचं रूपच पालटलं. नाक आभाळाकडे, शिंगं पाठीवर टेकलेली, कान खाली, शेपटी वर वळवलेली. घशातून घोगरा, तुटक आवाज. एका मादीमागे तो ताठ, तोलून पावलं टाकत होता आणि मध्येच पुढचा पाय उचलून धरत होता. मादी चरत राहिली. हद्दीच्या टोकाशी ती आली की तो वळसा घालून पुढे जायचा, तिला आत वळवायला. तीन वेळा वळवली, चौथ्यांदा ती निघून गेली. तो हद्दीवर थांबला. पलीकडे दुसऱ्याची जमीन होती.

आणि झुंज? झाली. शेजारचा नर हद्दीवर आला, दोघं एकमेकांना समांतर बराच वेळ चालले, मान ताठ करून. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. या वेळी दोघांनी डोकी खाली घातली. शिंगांचे पीळ एकमेकांत अडकले, कोरड्या लाकडांसारखा कटकट आवाज आला आणि धूळ उठली. सारं मिळून पंधरा-वीस सेकंद. १/२००० सेकंद इतकं वेगवान शटर ठेवूनही माझ्या चाळीस फोटोंपैकी सदतिसांत धूळ, पाठ किंवा गवताची काडी आहे. दोन बरे आहेत. उरलेल्या एकात दोघांचे डोळे दिसतात, आणि त्यांत भीती नाही, राग नाही, नुसता जोर आहे.

साडेआठनंतर जमीन तापली. चारशे मीटरवरचा कळप भिंगातून पाण्यात बुडाल्यासारखा हलायला लागला. मृगजळ हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, पण मृग आणि ते जळ एकाच चौकटीत मी इथेच पाहिलं. त्यापुढे कितीही महागडी लेन्स लावली तरी केस न् केस दिसेल असा फोटो मिळत नाही. हवाच थरथरत असते. अशा वेळी जवळ जायचा मोह होतो, कारण अंतर कमी केलं की थरथर कमी होते. त्या सकाळी एका गाडीने तेच केलं. वाट सोडून गवतात घुसली, आणि उघड्या टपातून दोघं-तिघं उभे राहून लेन्स रोखत होते. माद्यांचा तो सगळा कळप उसळला, उड्या घेत उताराने शेतांकडे गेला. दोन पाडसं मागे राहिली आणि नंतर जीव खाऊन धावली. मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला शब्द सापडत नाहीत. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला असं पिटाळणं हा गुन्हा आहे. आम्ही परतताना चौकीवर ते सांगितलं.

त्या उतारावर एक आजी बांधावर बसल्या होत्या. विहिरीच्या पाण्यावर कसाबसा उभा केलेला उन्हाळ कांदा, काढणीला आलेला. आम्ही गाडी थांबवून रामराम केला. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“तुम्हीच हाकललं का हरणं?”

“नाही आजी, आम्ही वाटेवरच होतो.”

“कोणी का असंना. हाकललं का सगळे माझ्या कांद्यात घुसता. खाता थोडं, तुडवता जास्त.” त्यांनी वाकून एक फुटलेला कांदा उचलून दाखवला. खुराची दोन पाकळ्यांची खूण त्याच्यावर स्पष्ट होती. “मी नाही मारत त्यांला. पाण्याला येता बिचारे. पण हे वरतून कोणी पिटाळलं का माझं नुकसान.”

पंचनाम्याचं भावाने विचारलं. दोनदा झालाय म्हणाल्या, आणि विषय बदलून पाणी पिणार का विचारलं. आम्ही त्यांच्या घागरीतलं पाणी प्यायलो. कांद्याच्या पातीचा आणि उडालेल्या धुळीचा वास एकत्र येत होता. उन्हाळ्यात इथली काळविटं पाण्यासाठी शेतातल्या विहिरींपर्यंत येतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, गावातली कुत्री त्यांच्या मागे लागतात. माळावरून पिटाळलेल्या प्रत्येक कळपापुढे हीच वाट असते.

परतीला पुन्हा त्या लेंड्यांच्या ढिगापाशी आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. नर परत तिथेच होता. झुंजीत त्याच्या उजव्या कानाची कड फाटली होती, रक्त वाळलं होतं. बसलेला, पण मान वर. वाट त्याच्यापासून जेमतेम चाळीस मीटरवरून जात होती आणि आम्हाला त्याच वाटेने राजापूरला यायचं होतं. भाऊ म्हणाला, “दादा, हा उठला तर?” मी गाडी मागे घेतली. दोनेकशे मीटर उलट येऊन देवदरीकडच्या फाट्याला वळलो. सात-आठ किलोमीटरचा वळसा पडला. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला, बसलेलाच.