तुम्ही विचारलंत म्हणून: टोटल झाल्यावर परत तीच गाडी का नाही घेतली

लिफ्टमध्ये, लग्नात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, कुठेही भेटलं की प्रश्न तोच. "अरे तुझ्या त्या लाल गाडीचं काय झालं शेवटी? टोटल झाली, म्हणजे विमा कंपनीनेच दुरुस्तीच्या पलीकडे गेली म्हटलं, तर सगळे पैसे मिळाले असतील ना, मग परत तीच का नाही घेतलीस?" आईचा प्रश्न वेगळा आहे, ती म्हणते आता तरी माणसांची गाडी घे. पण तिला उत्तर द्यायची हिंमत नाही म्हणून बाकीच्यांना देतो.

गाडी म्हणजे ऑडी टीटी. 2016ची, सेकंड हँड घेतलेली, दोन दरवाज्यांची, मागे सीट आहे असं कागदावर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तिथे लॅपटॉपची बॅग बसते. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या सिग्नलला रात्री उभा होतो, मागून डंपर आला आणि थांबलाच नाही, मी पुढच्या टेम्पोत घुसलो. रात्री जड वाहनं सोडली की त्या रोडवर काय चालतं ते ठाणेकरांना सांगायला नको. मला मान आखडण्यापलीकडे काही झालं नाही. गाडी मागून आणि पुढून दोन्हीकडून गेली.

आता "सगळे पैसे" म्हणजे किती. विम्याला तुम्ही गाडी केवढ्याला घेतली याच्याशी देणंघेणं नसतं, तिच्यावर किती जीव होता याच्याशी तर नाहीच, तो एक आकडा बघतो, आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत. नवीन गाडीला कंपनीच्या किमतीतून ठरलेला घसारा कापतात, सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि चार ते पाच वर्षांत 50 टक्के. पाच वर्षांच्या पुढे टेबल संपतं आणि आकडा तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवता. म्हणजे खरं तर एजंट ठरवतो, कारण तो म्हणतो "साहेब आयडीव्ही थोडी कमी टाकू, प्रीमियम कमी बसेल" आणि आपण हो म्हणतो. तो जो "थोडी" आहे ना, तो टोटल झाल्यावर थेट खिशातून जातो. मी भांडून 22 लाख टाकून घेतली होती, एजंट तेव्हा वैतागला होता. नवीन असताना हीच गाडी 60 लाखांच्या पुढे होती, ते एक सोडून द्या.

झिरो डेप आणि रिटर्न टू इनव्हॉइस वगैरे ऍड-ऑन ऐकलेली लोकं विचारतात की ते नव्हतं का. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे बिलावरची पूर्ण किंमत परत देणारं, साधारण पहिल्या दोनतीन वर्षांपुरतंच मिळतं, नऊ-दहा वर्षांच्या गाडीला कोण देणार. आणि झिरो डेपचा टोटल लॉसशी संबंध नाही, ते दुरुस्तीच्या पार्ट्सवर घसारा कापू नये म्हणून असतं, टोटलला आयडीव्हीच मिळते.

दुसरा प्रश्न हटकून येतो, चूक डंपरची होती तर पैसे त्याच्याकडून का नाही घेतले. घेऊ शकतो. पण डंपरच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंतच कव्हर असतं आणि त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, तारखा घ्यायच्या. म्हणून आपल्याकडे सगळे आधी स्वतःच्याच विम्यातून घेतात. आणि मग चूक कोणाची का असेना, तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर. माझा 50 टक्के होता, वर चढलेला. सिग्नलला नियमाने उभा राहिल्याबद्दल तो गेला, याचा राग मला गाडी गेल्याहून जास्त आला होता हे आत्ता कबूल करतो.

तर टोटल कशी ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल. 22 लाखांचे 75 टक्के म्हणजे साडेसोळा लाख. तुम्ही म्हणाल बम्पर आणि डिकीला साडेसोळा लाख लागतात का. इथेच खरी गोष्ट आहे आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. टीटीचा फ्लोअर आणि पुढचा सांगाडा स्टीलचा, पण बॉनेट, दरवाजे, डिकी, बाहेरचं अंग ऍल्युमिनियमचं. ऍल्युमिनियम आपल्या नेहमीच्या डेंटरकडे ठोकून सरळ होत नाही, जोड बरेच ठिकाणी गोंद आणि रिव्हेटचे असतात, हत्यारं वेगळी लागतात, स्टीलचा कचरा लागू नये म्हणून जागाही वेगळी लागते, त्यामुळे वर्कशॉप सरळ "रिप्लेस" लिहितं. वरून एअरबॅग फुटलेल्या, त्याबरोबर सीटबेल्टचे टेन्शनर गेलेले, सेन्सर आणि कंट्रोल युनिट, डॅशबोर्ड. इंजिन गाडी टो करून आणली त्या दिवशीही व्यवस्थित चालू होत होतं. पहिलं एस्टिमेट साडेसोळाच्या खाली आलं होतं, मी दोन दिवस खूश होतो, मग गाडी उघडली आणि आत आणखी निघालं. उघडल्यावर नेहमी आणखीच निघतं.

म्हणजे गाडी मोडली म्हणून गेली नाही, खर्च भागिले आयडीव्ही या भागाकारात गेली.

विमा कंपनीचा सर्वेअर बिचारा चांगला माणूस होता, त्याने दोन रस्ते सांगितले. एक, कंपनी सांगाडा, म्हणजे मोडलेली अख्खी गाडी, घेणार आणि तुम्हाला आयडीव्ही वजा कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, ते 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2000 रुपये. दोन, सांगाडा तुम्ही ठेवा, त्याची लिलावात जी बोली आली तेवढी रक्कम कापून बाकीचे पैसे घ्या. लोन असेल तर पैसे आधी बँकेला जातात, मग बँकेची एनओसी, आरसीवरून लोनची नोंद काढायचा फॉर्म 35 आणि ते सगळं, माझं लोन संपलेलं होतं. मित्र म्हणाले सांगाडा ठेव, कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात पार्ट विकून टाकू. मी नाही म्हटलं. पार्ट विकणं हा पूर्णवेळ धंदा आहे, आणि आमच्या सोसायटीच्या एकावर एक गाड्या चढवायच्या स्टॅक पार्किंगमध्ये चेपलेली टीटी ठेवली असती तर सेक्रेटरींनी मला पण तिच्याबरोबर लिलावात काढलं असतं.

एक गोष्ट मात्र मागे लागून करून घ्या. सांगाडा कोणीही नेवो, आरसी चालू ठेवून देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्येच आहे की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची. लोकांना हा नुसता कागदी सोपस्कार वाटतो. पण टोटल झालेल्या गाडीचे कागद आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला लावून विकायचे प्रकार होतात, आणि मग एखाद्या दिवशी तुमच्या नावाची एमएच-04 गाडी दुसऱ्या राज्यात नाक्यावर पकडली जाते. मी ठाणे आरटीओत जाऊन आधी थकलेली ई-चलान भरली (होती दोन, पाम बीच रोडची, विचारू नका), मग आरसी कॅन्सल केली, फास्टॅग बंद केला. सांगाडा घेणाऱ्याला घाई असते, तो म्हणतो "साहेब नंतर करू, आधी सह्या द्या." सह्या नंतर.

आता गाडी कुठली घ्यायची. पहिले काही आठवडे मी पण टीटीच शोधत होतो, दुखवट्यात माणूस तेच करतो. मिळत होत्या, पण मागणारे 22च्या बरेच वर मागत होते. त्यात टीटी बनायची 2023च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली, 25 वर्षं चालली गाडी. पार्ट यापुढेही मिळतील, पण ऑर्डर देऊन, बाहेरून, वाट बघून. आणि मुख्य म्हणजे तोच भागाकार परत माझी वाट बघत बसला असता, फक्त पुढच्या डंपरपर्यंत.

म्हणून मी शोधायची पद्धतच बदलली. शून्य ते शंभर किती सेकंदात, हे बघायचं बंद. त्याऐवजी प्रत्येक गाडीसाठी पार्ट्स काउंटरला जाऊन चार गोष्टींचे भाव विचारायचे, एक हेडलॅम्प, पुढचा बम्पर, समोरची काच आणि ड्रायव्हरचा दरवाजा, आणि किती दिवसांत येतात ते. वागळे इस्टेट ते तुर्भे एमआयडीसी फिरलो. काउंटरवरची पोरं आधी संशयाने बघतात, मग त्यांना मजा यायला लागते, एकाने तर स्वतःहून सांगितलं की सर ही नका घेऊ, हेडलॅम्पचा भाव ऐकून लोक इथेच खुर्चीत बसतात.

मिनी कूपर एस बघितली, तीन दरवाज्यांची, 192 पीएस ताकदीची, चालवायला इतकी मस्त की घेऊनच टाकणार होतो, पण रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे), स्पेअर नाही, आणि पावसाळ्यात घोडबंदरचे खड्डे, मेट्रोचं काम, गायमुखचा घाट. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला की तो टायर गेला. नको. फोर्ड मस्टँग बघायला फक्त फोटो काढायला गेलो होतो, ती जवळजवळ एक मीटर 92 सेंटीमीटर रुंद आहे, आमच्या पार्किंगच्या पॅलेटवर चढली असती पण मग मी दरवाजा उघडून बाहेर आलो नसतो. फियाटच्या अबार्थ पुंटोवर मात्र बराच वेळ अडलो. आपल्या रांजणगावला बनलेली, 1.4 लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, 145 पीएस, हाताने टाकायचे गियर, जड हायड्रॉलिक स्टिअरिंग, 2015ला दहा लाखांच्या आत आली होती. पत्रा बराचसा साध्या पुंटोचाच. पण फियाटच इथून गेली, आणि चालवणारे लोक पार्ट एकमेकांकडून मिळवतात, ते जमणारे जमवतात, मला फोनाफोनीचा कंटाळा आहे.

शेवटी घेतली स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230. 2017ची. हो, चार दरवाज्यांची, हो, डिकीत फ्रिज मावेल. आई खूश. इंजिन तेच दोन लिटर टर्बो घराण्यातलं, ताकद टीटीएवढीच 230, फक्त पुढची चाकं फिरतात, त्यामुळे पावसात सिग्नल सुटल्यावर जास्त पाय दिला की चाकं जागेवर फिरतात आणि टीटीची चारही चाकांची पकड आठवते. बसायची जागा उंच वाटते, सवय झाली नाही अजून. पण दरवाजे आणि बॉनेट साध्या ऑक्टाव्हियाचे चालतात, काच लगेच मिळते, अंग स्टीलचं, त्यामुळे तोच डंपर परत आला तरी गाडी दुरुस्त होऊन घरी यायची शक्यता बरीच जास्त.

घेताना काय बघितलं ते सांगतो, कारण टोटलवाल्या माणसाला एक गोष्ट आतून माहीत असते, ती म्हणजे टोटल झालेल्या गाड्या जातात कुठे. काही भंगारात जातात, आणि काही पेंट होऊन "नॉन-ऍक्सिडेंटल, डॉक्टर ओन्ड" म्हणून परत येतात. म्हणून सर्व्हिस हिस्टरीबरोबर क्लेम हिस्टरी मागा, पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊन जाणारा माणूस बरोबर न्या, बोल्टवरचा रंग उडालाय का बघा. व्हीआरएसला गिअरबॉक्स ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा सहा गियरचा डीएसजी ऑटोमॅटिक आहे, त्याचं तेल साधारण 60,000 किलोमीटरला बदललेलं असलं पाहिजे, त्याचं बिल बघा. आणि रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं, आहे का हे तोंडावर विचारा. अशा गाड्यांना ते करून घेणारे बरेच आहेत, आणि विमा कंपनीला न सांगितलेलं रीमॅप क्लेमच्या वेळी बाहेर आलं तर ते तुमच्याच गळ्यात.

मालकी बदलली की पॉलिसीही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो फरक भरावा लागतो. मी भरला, आयडीव्ही परत भांडून वाढवली, एजंट तोच आहे, आता तो वैतागत नाही.

सीवूड्सचा एक मित्र आहे, त्याला पोर्शची जुनी बॉक्स्टर घ्यायची आहे, त्याने हे सगळं ऐकून तोंड पाडलं. त्याला मी घे म्हणून सांगितलं. त्याच्याकडे रोजची वेगळी गाडी आहे, बेलापूरला ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, बॉक्स्टर एका हेडलॅम्पसाठी तीन महिने वर्कशॉपला पडून राहिली तरी त्याचं काही अडत नाही. माझं अडतं, माझी एकच गाडी आहे आणि मी रोज ठाणे-बेलापूर रोडने ऐरोलीला जातो.