पाचवा दिवस, बोट सध्या सरळ आहे

सरळ आहे हे मुद्दाम लिहितेय, कारण पहाटे नव्हती.

काल सकाळभर वाराच नव्हता. शीड लोंबतंय, नवरा दर दहा मिनिटांनी इंजिन लावू का विचारतोय आणि मी नको म्हणतेय, कारण इंजिन लावलं की शीडबोटीचा ट्रॅक्टर होतो. मग दुपारी किनारा तापला तसा समुद्रावरनं वारा सुटला आणि बोट एका अंगावर कलून जी निघाली! ६ नॉट. म्हणजे ताशी जेमतेम ११ किलोमीटर, सायकलवालाही पुढे जाईल, पण सुकाणू हातात असलं की उडतोय असंच वाटतं. दोन तास आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही आणि ते भांडण नव्हतं.

मधे त्याची टोपी उडाली. माझ्यामुळे. परत वळून तीन फेऱ्या मारल्या, हाती लागली नाही. टोपीच्या जागी माणूस असता तर, हे दोघांच्याही मनात आलं, बोललं कुणीच नाही, गपचूप लाइफजॅकेटचे पट्टे आवळले.

शेवटचा टप्पा नेमका वाऱ्याच्या तोंडावर, शीडबोट सरळ वाऱ्यात जात नाही, ४५ अंशांवर नागमोडी काढत जावं लागतं, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी नांगर टाकेपर्यंत रात्रीचे साडेदहा. खोली ३ मीटर. बोटीचा तळ पाण्यात १.४ मीटर. मी आकडा वाचला, त्याने मान डोलावली, विषय संपला.

झोपण्याआधी वल्हं पाण्यात फिरवलं तर निळ्या ठिणग्या! हात घातला तर बोटांमागे उजेड, पाण्यातल्या चमकणाऱ्या सूक्ष्म जिवांचा. काय मस्त काळोख आहे म्हणून अर्धा तास कौतुक केलं, पण काळोख का आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अमावास्या. म्हणजे उधाण, म्हणजे भरती जेवढी वर तेवढीच ओहोटी खाली. आणि आम्ही ऐन भरतीला पोचलेलो. पाणी अडीच मीटर उतरणार होतं. भरती-ओहोटीच्या वेळांच्या टेबलात छापलेलं होतं, टेबल उशाखाली होतं.

तीनला चहाचा मग गडगडला, मागोमाग मी गडगडत नवऱ्याच्या अंगावर. त्याला वाटलं प्रेमाने आलेय. मग दुसरा मग पडला.

टॉर्च मारला तर एका बाजूला चक्क चिखल चमकतोय. तो म्हणाला रिव्हर्स मारू, मी म्हटलं अरे इंजिन थंड राहायला बाहेरचंच पाणी ओढतं, चिखल ओढून बसेल. हे एक माझं बरोबर होतं, नोंद असावी. खालच्या बाजूच्या खिडक्या घट्ट लावल्या आणि कपाटाच्या दारावर पाठ टेकून बसलो, कारण भिंत आता जमीन झाली होती. मऊ चिखल होता म्हणून वाचलो, खडक असता तर ही नोंद वेगळी असती. उजाडल्यावर एक बगळा येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. हसायला आलं, आधी नवऱ्याला, मग मला, आणि थांबेचना.

पावणेआठला तळ जरासा हलला, मग हळूच सगळं आपापल्या जागी आलं.

आज नांगर टाकताना त्याने टेबल मोठ्याने वाचलं, दोनदा, भरती कालच्यापेक्षा पाऊणेक तास उशिरा आहे तेसुद्धा. मी निमूट ऐकलं. टोपीचा विषय अजून निघालेला नाही.