न अडकलेला कागद

आमच्या घरातल्या प्रिंटरला आठवड्यातून एखाद्या वेळी काम पडते आणि नेमका त्याच वेळी तो कागद गिळून बसतो. आधी आतून कुरकुर ऐकू येते, मग दात खाल्ल्यासारखा करकर आवाज होतो आणि नारिंगी दिवा लुकलुकू लागतो. इथवरचे सगळे मला पाठ आहे. परवा मात्र मी अडकलेला कागद ओढून काढला, झाकण लावले, आणि तरीही यंत्राचे म्हणणे कायम राहिले, की कागद अडकला आहे. झाकण उघडून पुन्हा पाहिले, तर आत कागद नव्हता.

माझा पहिला संशय ट्रेमधल्या गठ्ठ्यावर गेला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. छापणे हे प्रिंटरचे अवघड काम असेल असे आपण समजतो. पण गठ्ठ्यातून एक, आणि एकच, कागद उचलणे हेही काही कमी जिकिरीचे नाही. पाने उलटताना आपण बोट ओले करतो, तेच काम तिथे रबरी रोलर करतो. रोलर वरचा कागद पुढे ढकलतो आणि खालची छोटी खरखरीत पट्टी दुसऱ्या कागदाला जागच्या जागी धरून ठेवते. रोलरची पकड पट्टीपेक्षा जास्त आणि पट्टीची पकड दोन कागदांच्या आपसातल्या चिकटपणापेक्षा जास्त, एवढ्या हिशेबावर सारा कारभार चालतो. हवा दमट असली, की उघडे राहिलेले कागद ओल धरतात, एकमेकांना बिलगतात, कडांना लाटा येतात आणि हिशेब बिघडतो. म्हणून ५०० कागदांचे रीम वेष्टनातच गुंडाळून ठेवावे आणि ट्रेमध्ये भरण्यापूर्वी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्यावा. रोलरवर कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत झाला असेल, तर यंत्र बंद करून ओलसर फडक्याने पुसावा. मी हे सगळे केले. दिवा नारिंगीच राहिला.

तेव्हा कुठे लक्षात आले, की प्रिंटरला कागद दिसतच नाही. कागदाच्या वाटेवर ठिकठिकाणी प्लॅस्टिकची बोटभर पट्टी आडवी असते. कागद आला की ती कलते, गेला की स्प्रिंगच्या जोरावर परत येते, आणि तिच्या हलण्याने एक बारीक प्रकाशझोत अडतो किंवा मोकळा होतो. पट्टी ठरल्या वेळी कलली का आणि ठरल्या वेळी परतली का, एवढेच यंत्राला कळते. उशीर झाला, की ते ‘पेपर जॅम’ म्हणून मोकळे होते. म्हणजे ही तक्रार डोळ्यांनी पाहिलेली नसून केवळ अनुमानाची असते, आणि पट्टी कललेलीच राहिली, तर कागद नसतानाही ती चालूच राहणार.

आता पट्टी कशाने कलली असेल, याचे उत्तर माझ्याच हातांवर होते. कागद ओढताना बोटे काळी झाली होती. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी आधी विजेच्या भाराने कागदावर नुसती बसते आणि शेवटच्या तापलेल्या रोलरखाली, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, वितळून पक्की होते. टोपलीतला चुरगळलेला कागद काढून उलगडला, तर वरच्या चार ओळी घट्ट बसलेल्या होत्या आणि खालचे सगळे पत्र फरफटून गेले होते. म्हणजे कागदाचा माथा तापल्या रोलरच्या पलीकडे पोचला होता आणि मी समोरून, त्याच्या वाटेच्या उलट, एका हाताने हिसका दिला होता. कागद जिकडे निघालेला असतो तिकडेच, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. (शाईच्या प्रिंटरवाल्यांनी आतली पारदर्शक फीतही सांभाळावी, शाईच्या डब्या वाहणारा गाडा आपण कुठे आहोत ते तिच्यावरून ओळखतो.) त्या पत्राचा उजवा वरचा कोपरा गायब होता.

प्रिंटर बंद केला, तार काढली आणि तो निवण्याची वाट पाहत अर्धा तास बसलो. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत जड गेली. मग मागचे दार उघडून विजेरी धरली. बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या पट्टीखाली नखाएवढा त्रिकोणी तुकडा बसला होता. चिमट्याने धरताच निघाला आणि पट्टी टुपकन उभी राहिली.

तुकडा पत्राला लावून पाहिला. ‘दिनांक’ हा शब्द मोठ्या कागदावर होता आणि तारीख तुकड्यावर. दार लावून बटण दाबले. यंत्र थोडे घुरघुरले, दिवा हिरवा झाला, आणि संगणकात अडून बसलेले तेच पत्र, मी न सांगता, तारखेसकट बाहेर आले.