हजिऱ्यातल्या सकाळी: तानसेन समारोहाच्या आठवड्यातील ग्वाल्हेर

पुण्यामुंबईच्या मैफली बहुधा संध्याकाळी सुरू होतात आणि ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे रात्री दहाला संपतात. त्यामुळे पूरिया, मारवा, यमन, बागेश्री हे राग आपल्या कानांवर पुन्हा पुन्हा पडतात. परंतु तोडी, देसकार, अल्हैया बिलावल किंवा सारंगाचे प्रकार कलाकारासमोर बसून ऐकण्याचा योग वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येतो. तानसेनाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवासाठी ग्वाल्हेरला जावे, असे माझ्या मनाने घेतले ते मुख्यतः यामुळे. तेथे संध्याकाळच्या सभांबरोबर सकाळच्याही सभा भरतात, त्या दहाच्या सुमारास सुरू होऊन दुपार कलेपर्यंत चालतात, आणि प्रवेशासाठी तिकीट नसते. पुढील हिवाळ्यात कोणी जाणार असेल, तर त्याने आपला दिवस कसा लावावा, एवढेच मुख्यतः येथे सांगायचे आहे.

प्रथम तारखांविषयी. समारोह डिसेंबरात होतो, परंतु आठवडा ठरलेला नसतो. 2023 मध्ये तो नाताळच्या आठवड्यात होता, तर 2024 मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, 15 ते 19 डिसेंबर या दिवसांत झाला. आयोजक भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी ही शासकीय संस्था असून कार्यक्रमपत्रिका जाहीर होईपर्यंत रेल्वेचे आरक्षण मिळण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून महिन्याच्या मध्याची आणि अखेरची अशी दोन आरक्षणे करून ठेवावीत आणि नंतर एक रद्द करावे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस किंवा गोवा एक्सप्रेस, आणि मुंबईहून पंजाब मेल या सोयीच्या गाड्या आहेत. मात्र धुक्याचा हिशेब धरलाच पाहिजे. उत्तरेकडून येणारी गाडी धुक्यात अडकली की तिचे डबे परतीच्या फेरीलाही उशिरा मिळतात, त्यामुळे पुण्यात लख्ख ऊन असतानाही आपली गाडी चार-सहा तास उशिरा सुटू शकते. मागे एकदा मी उद्घाटनाच्या दिवशी पहाटे पोचण्याच्या बेताने निघाले होते आणि प्रत्यक्षात संध्याकाळी पोचले; त्या दिवशीची सकाळ हुकली ती हुकलीच. या खेपेस एक दिवस आधी पोचले.

मुक्काम आत्याकडे, लष्करात, खासगी बाजाराच्या बाजूला होता. ग्वाल्हेर म्हणजे तीन गावे एकमेकांना भिडलेली आहेत, हे नवख्या माणसाने समजून घ्यावे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दक्षिणेकडील शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर, आणि पूर्वेचे मुरार. तानसेनाची समाधी हजीरा भागात, जुन्या ग्वाल्हेरकडे आहे. मराठी वस्ती, वाडे, देवळे आणि खाण्याची ठिकाणे लष्करात आहेत. ज्यांचे नातेवाईक तेथे नाहीत त्यांनी स्थानकाजवळ उतरावे, कारण तेथून दोन्हीकडे ई-रिक्षाने सहज जाता येते. आत्याने मला दारातच सांगितले, "अगं, इथली ठंड पुण्यासारखी नाही. मफलर बांधल्याशिवाय सभेला जायचं नाही, आणि पायांत मोजे दोन." पुण्याच्या माणसाला हे अतिशयोक्तीचे वाटते, परंतु रात्रीचे तापमान सहा-सात अंशांवर उतरते आणि मंडप तिन्ही बाजूंनी उघडा असतो, तेव्हा मोज्यांचा दुसरा जोड हाच प्रवासातला सर्वांत उपयोगी सल्ला ठरला.

समारोहाचा पहिला दिवस सकाळी समाधीपाशी सुरू होतो, आणि तो मुळीच चुकवू नये. शहनाईवादन होते, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाच्या परंपरेतील हरिकथा होते, त्यानंतर मौलवी मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचे स्तुतिपर कथन, वाचतात आणि समाधीवर चादर चढवली जाते. ढोलीबुवांची परंपरा मराठी नाथपंथी आहे. हरिकथा हिंदीत होते. पण तिचा बाज, मध्येच गद्यातून पद्यात शिरणे आणि तालावर नामाचा गजर उचलणे हे सारे ओळखीचे, आपल्याकडच्या कीर्तनाचे आहे. एकाच अंगणात कीर्तन आणि मीलाद एकापाठोपाठ ऐकताना तेथील श्रोत्यांना त्यात काही वेगळे घडते आहे, असे वाटत असल्याचे दिसले नाही. बाहेरून आलेले आम्हीच तेवढे मोबाइल सरसावून उभे होतो. या कार्यक्रमाला गर्दी बेताची असते. साडेनऊपर्यंत पोचल्यास अगदी जवळ बसता येते.

समाधी स्वतः लहान आहे: खांबांवर उभा असलेला एक उघडा मंडप, त्यात एक थडगे. शेजारी सूफी संत मुहम्मद घौस यांची कबर मात्र भव्य असून तिच्या चारी बाजूंच्या दगडी जाळ्या हे या शहरातील दृश्यकलेचे पहिले दालनच समजावे. जाळीचा प्रत्येक नमुना निराळा आहे आणि सकाळी नऊ ते अकरा या वेळात ऊन तिरपे पडते तेव्हा ती नक्षी आतल्या फरशीवर उतरते. दुपारी तेच दालन नुसते अंधारे वाटते. समाधीजवळच्या चिंचेची पाने खाल्ल्याने गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा आहे. पूर्वीचे झाड पाने ओरबाडून ओरबाडून गेले असे सांगतात, आणि आता असलेल्या झाडाखालीही दोन विद्यार्थिनी पाने वेचताना दिसल्या. मीही एक खाल्ले. ते आंबट होते.

प्रत्येक सभेची सुरुवात स्थानिक संगीत संस्थांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायनप्रकाराने, होते. बाहेरगावचे रसिक हा भाग टाळून उशिरा येतात, हे मला पटत नाही. येथील माधव संगीत महाविद्यालय 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि विष्णु नारायण भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले, आणि राजाभैया पूछवाल्यांसारखे गुरू तेथे शिकवीत. त्याच्याही आधी, 1914 मध्ये, कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले होते. म्हणजे या गावात गाणे शिकवण्याची शाळा ही शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले एका सुरात चौताल हा बारा मात्रांचा ताल धरून गातात, तेव्हा त्या शाळेचे आजचे काम ऐकायला मिळते. काही चुका होतात. एका मुलाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली आणि शेजारच्याने त्याला कोपराने खुणावले, हेही पाहिले.

तोडीविषयी सांगायलाच हवे. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी एका तरुण गायकाने विलंबित ख्यालाला हात घातला. ग्वाल्हेर घराण्याची शिस्त अशी, की बंदिशीची स्थायी आणि अंतरा आधी नीट, पूर्ण मांडायचा, आणि मग आलाप, बोलआलाप, बोलतान, तान अशी एकेका अंगाने वाढत जायचे. लयही अतिविलंबित न ठेवता शब्द ऐकू येतील अशी ठेवायची. धुके अजून मंडपाच्या कडेला होते, तंबोऱ्याच्या तारा थंडीने सुरावरून हलत होत्या आणि गायक दर दहा मिनिटांनी त्या पुन्हा मिळवून घेत होता. आपल्याकडच्या सभागृहात हे होत नाही. कोमल ऋषभ, गांधार आणि धैवत यांची ती जागा, तीव्र मध्यमावरून पंचमाला हळूच लागलेला स्पर्श, आणि समोर साडेदहाचे फिकट ऊन, हे एकत्र आल्यावर सकाळच्या रागाला सकाळ का लागते, याची चर्चा करण्याची गरज उरली नाही. पुढचा कलाकार सरोदवादक होता आणि त्याने शुद्ध सारंग घेईपर्यंत आम्ही शाली काढून मांडीवर ठेवल्या होत्या.

मराठी माणसाने हे गाणे येथे येऊन ऐकण्यात आणखी एक अर्थ आहे. ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्याकडची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यामार्फत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली, त्यांनी ती दक्षिण महाराष्ट्रात आणली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती शाळेच्या फळ्यावर नेली. आपल्या पेठांतल्या गायनक्लासांत पहिल्या वर्षी जे गिरवले जाते, त्यातले बरेच या गल्ल्यांतून निघाले आहे. आत्या हे अधिक थोडक्यात सांगते: "तुमच्याकडे गेलं, आणि तुम्ही आता ते ऐकायला आमच्याकडे येता." 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरचा संगीतनगरींच्या जाळ्यात समावेश केला, त्याची फलकबाजी स्थानकापासून सर्वत्र आहे; पण शिकणाऱ्या मुलांच्या खोल्यांत हीटर आले तर बरे होईल.

सकाळची सभा साधारण दीड-दोनला संपते आणि संध्याकाळची सुरू होण्यास चार तास असतात. बहुतेक पाहुणे सकाळी किल्ला पाहतात आणि संध्याकाळी गाणे ऐकतात. मी उलट सांगेन: सकाळ गाण्याला द्यावी आणि किल्ला व संग्रहालये तीन-तीन तासांच्या तुकड्यांत दुपारी पाहावीत. हिवाळ्यात सकाळी धुक्यामुळे किल्ल्यावरील मानमंदिर या राजवाड्याच्या भिंतींवरचे निळ्या टाइलांचे हंस आणि केळी दिसतच नाहीत, आणि दुपारी त्याच भिंती उजळतात. वाहनाने जायचे तर उरवाई दरवाजाकडून जावे. पायी जायचे असेल तर किल्ल्याच्या पायथ्याच्या गुजरी महालाकडून चढावे, कारण त्या वाटेवर डोंगरात कोरलेले छोटे चतुर्भुज मंदिर लागते. तेथील 876 सालच्या शिलालेखात 270 हा आकडा कोरलेला आहे आणि त्यातले शून्य आपण आज लिहितो तसेच गोल आहे. शेकडो लोक त्या देवळासमोरून दम खात वर जातात आणि आत डोकावत नाहीत.

गुजरी महालातील पुरातत्त्व संग्रहालय सोमवारी बंद असते. मी सोमवारीच गेले आणि कुलूप पाहून परत आले, म्हणून हे ठळकपणे लिहिते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे वृक्षाशी उभ्या स्त्रीची दगडी मूर्ती, पाहिली. ती इतकी लहान असेल अशी कल्पना नव्हती. मोडलेले हात, आणि तरीही कंबरेच्या वळणातून खाली उतरणारा वस्त्राचा तो पारदर्शक पोत! तिला वेगळे, कुलुपात ठेवलेले असल्यामुळे दालन उघडण्याची विनंती कर्मचाऱ्यांना करावी लागते. नम्रपणे विचारल्यास ते उघडतात. वरच्या बाजूस बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. ग्वाल्हेर संस्थानाने 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांसारख्या चित्रकारांना बाघला पाठवून त्या भिंतींची चित्रे उतरवून घेतली होती. मूळ भिंती नंतर फार झिजल्या, तेव्हा या प्रतिकृतींकडे नक्कल म्हणून पाहू नये. हे संग्रहालय उभारणारे संस्थानचे पुरातत्त्वाधिकारी मो. ब. गर्दे होते, ही गोष्टही आपल्या लोकांना क्वचितच ठाऊक असते.

जीवाजीगंजातील सरोदघर, म्हणजे सरोदवादक हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर, तासाभरात पाहून होते आणि जुन्या सरोदांचे आकार पाहण्यासाठी जावेच. जयविलास राजवाड्यातील दोन प्रचंड झुंबरे सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांचे फारसे कौतुक वाटले नाही, आणि तिकीटही महाग आहे. त्यापेक्षा लष्करातील लग्नघरांच्या दारांभोवती रंगवलेली चितेरा चित्रे पाहावीत. डिसेंबरात लग्ने उरकतात तोवर ती ताजी असतात: हत्ती, कलश, गणपती, आणि वधूवरांची नावे. त्यासाठी तिकीट नाही, फक्त गल्लीत पायी फिरावे लागते. डिसेंबरअखेरीस ग्वाल्हेर व्यापार मेळाही लागतो. 1905 पासून चालत आलेला हा मेळा मुलांना आवडेल, पण सभेच्या दिवशी तेथे जाऊ नये, कारण वाहतूक अडकते.

खाण्याचा प्रश्न येथे कधी पडत नाही. सभेआधी बेडई, म्हणजे डाळीचे सारण भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी, नंतर जिलेबी. घरी न्यायला मुरेन्याची गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत मिठाई. गजक घेताना डबा हलवून पाहावा. तुकडे वाजले तर ती ताजी, खुसखुशीत असते.

शेवटच्या दिवशी सकाळची सभा बेहटला, तानसेनाच्या जन्मगावी भरते. ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, झिलमिल नदीकाठी आहे, आणि तेथील कललेले शिवमंदिर तानसेनाच्या गाण्याने झुकले अशी आख्यायिका आहे. मोटार आदल्या रात्रीच ठरवावी आणि भाडे परतीसह, थांबण्याच्या वेळेसह, स्पष्ट बोलून घ्यावे. माझ्या चालकाने थांबण्याचे तास वेगळे मोजले आणि परतताना आमचे बरेच बोलणे झाले. सभेला गावकरीच अधिक असतात. म्हाताऱ्या बायका उन्हाकडे पाठ करून बसतात, आणि एक शेळी दोनदा मंचाच्या दिशेने गेली. संध्याकाळची समारोपाची सभा गुजरी महालाच्या अंगणात होते. ध्रुपदाला आश्रय देणाऱ्या राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजरी राणीसाठी बांधलेल्या त्या वास्तूत, दगडी भिंती उष्णता शोषून घेत असताना, त्या रात्रीची थंडी पाच दिवसांतील सर्वांत कडक असते. तेथे अंगण लहान असल्यामुळे जागा अर्धा तास आधी धरावी, रजईसारखी जाड शाल न्यावी, आणि परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवावी, कारण साडेअकराला किल्ल्याच्या पायथ्याशी एकही उभी नसते. मी आणि आत्येभाऊ हजिऱ्याच्या चौकापर्यंत चालत आलो, तेव्हा कुठे एक टेम्पो मिळाला.