तंबाखूचा बार आणि छातीतली धडधड

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतले रात्रपाळीचे कामगार हे नेहमी विचारतात: बार भरला की थोड्याच वेळात छाती धडधडते, झोप उडते, हे येतं कुठून?

बरंचसं मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून. एकेक ग्रंथी जेमतेम ४-५ ग्रॅमची. तिच्या गाभ्यातल्या पेशींपर्यंत मज्जातंतू येतो आणि टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं निरोप देणारं रसायन सोडतो. ते पेशीवरच्या ग्राहीवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागेवर, बसलं की सोडियम आत शिरतं, पाठोपाठ कॅल्शियमची दारं उघडतात आणि ॲड्रेनॅलिनने, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या संप्रेरकाने, भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या कडेला येऊन रिकाम्या होतात. त्या मालात साधारण ८० टक्के ॲड्रेनॅलिन, उरलेलं बहुतेक त्याचंच भावंड नॉरॲड्रेनॅलिन. या ग्राहीचं नावच निकोटिनिक, कारण तंबाखूतलं निकोटिन नेमकं तिथे बसतं. समोर संकट नसतानाही ग्रंथी संकटातल्यासारखी वागते. शिवाय निकोटिन मेंदूला आणि हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठींनाही चेतवतं, म्हणून धडधड दुहेरी.

तळहातावर तंबाखूत चुना मळतात, त्याचं कामही इथेच आहे. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, निकोटिनवरचा विद्युतभार जातो आणि ते गालाच्या अस्तरातून झरझर रक्तात उतरतं. नवख्याला ‘तंबाखू लागते’, म्हणजे घाम फुटतो, चक्कर येते, मळमळतं. ती निकोटिनची विषबाधाच असते. तिला हसण्यावारी नेऊ नका.

चहा-कॉफीची वाट वेगळी. कॅफिन शरीराला शांत ठेवणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवतं. कॉफीची सवय नसलेल्याने एकदम २५० मिलिग्रॅम घेतलं तर रक्तातलं ॲड्रेनॅलिन चांगलंच चढतं. रोज पिणाऱ्यात हा परिणाम फार कमी उरतो. त्यावरून ‘ग्रंथी थकली’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सवय होते ती शरीराला. ॲम्फेटामिन मात्र मज्जातंतूंच्या टोकांतूनच नॉरॲड्रेनॅलिन उपसून काढतं, आणि मेंदूमार्गे ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढवतं.

ॲड्रेनॅलिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, कॉर्टिसॉलला तास-दीड तास लागतो. पण निकोटिन सुमारे दोन तास आणि कॅफिन पाचेक तास निम्मं व्हायला घेतं, तोवर शरीराला ढकलणं चालूच. म्हणून रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास तंबाखू, चहा, कॉफी बंद ठेवा आणि पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. नाहीतर आकडा चढलेला दिसेल आणि नको ती गोळी सुरू होईल.

डोकेदुखी, घाम आणि धडधड असे तिन्ही झटके वारंवार, काही न खाता-पिता येत असतील तर डॉक्टरांना अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात वाढणाऱ्या गाठीबद्दल (फिओक्रोमोसायटोमा) विचारा. तिच्यासाठी रक्तातली मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनपासून बनणारी द्रव्यं, तपासतात. त्याआधी तंबाखू-कॉफी नको, सर्दीची स्यूडोएफेड्रिनवाली गोळी घेतली असेल तर आवर्जून सांगा, आणि २०-३० मिनिटं आडवं पडल्यावरच रक्त काढायला सांगा. बसून काढलेल्या रक्तात आकडा उगाच वाढलेला येतो.