बोर्डाच्या दोन आवृत्त्यांची तुलना: कीकॅड, गिट आणि थोडं ऑटोमेशन

सर्किट बोर्डाच्या (पीसीबीच्या) फाइल तो बनवणाऱ्या वेंडरकडे पाठवण्याआधी एका प्रश्नाचं पक्कं उत्तर हातात हवं: मागच्या आवृत्तीपासून काय काय बदललं, आणि त्यातलं न ठरवता बदललेलं काही आहे का? अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या गटाचे बोर्ड एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोकंट्रोलर असे असतात. तिथे नुसत्या डोळ्यांनी दोन लेआउट (बोर्डावरची मांडणी) ताडून पाहणं पुरत नाही. म्हणून कीकॅड ८ (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि गिट (फाइलच्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरून आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे मांडतो.

कीकॅडच्या फाइल साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे गिट त्यांतला फरक दाखवतं, पण तो वाचण्यासारखा नसतो. एक ट्रॅक (तांब्याची वाट) सरकवला तरी भोवतालचा कॉपर झोन (तांब्याने भरलेला भाग) नव्याने भरला जातो आणि त्याच्या बहुभुजाचे शेकडो बिंदू बदललेले दिसतात. एखादं नेट (एकमेकांशी जोडलेल्या पिनांचा गट) वाढलं की इतर नेटांचे क्रमांकही सरकू शकतात. हा गोंगाट आधी कमी करायचा. वैयक्तिक सेटिंगची फाइल, फूटप्रिंटचा (घटकाच्या बोर्डावरच्या जागेच्या आराखड्याचा) कॅशे आणि बॅकअपचं फोल्डर गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाका. प्रत्येक कमिटआधी (गिटमध्ये बदल नोंदवण्याआधी) बी ही कळ दाबून सगळे झोन भरून घ्या. गटातल्या सगळ्यांकडे कीकॅडची एकच मुख्य आवृत्ती ठेवा, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही आणि स्वरूप बदलल्यामुळे पूर्ण फाइल बदललेली दिसते. बोर्डाच्या फाइलचं आपोआप मर्ज गिटच्या अ‍ॅट्रिब्यूट फाइलमधून बंद करा. दोघांनी एकाच वेळी केलेला लेआउट ओळी जुळवून एक होत नाही.

वेंडरकडे गेलेल्या प्रत्येक आवृत्तीला गिटमध्ये टॅग (नावाची खूण) हवा. तुलनेच्या वेळी गिट वर्कट्री वापरून जुना टॅग एका फोल्डरमध्ये आणि चालू काम दुसऱ्यात उघडायचं. मग कीकॅडचं कमांड-लाइन साधन दोन्हींवर तेच पर्याय देऊन चालवायचं.

सर्वांत आधी नेटलिस्ट, म्हणजे कोणती पिन कशाशी जोडली आहे याची यादी, कारण बोर्ड जाळणारी चूक बहुतेक वेळा इथेच असते. दोन्ही स्कीमॅटिकांची (सर्किटच्या आकृत्यांची) नेटलिस्ट एक्सएमएलमध्ये काढा, पण नेटांची नावं जुळवू नका. ज्या नेटला आपण नाव दिलेलं नाही, त्याला कीकॅड जोडलेल्या एखाद्या पिनवरून नाव देतं. नवा रेझिस्टर आला की ते बदलू शकतं आणि जोडणी तीच असूनही फरक दिसतो. आमची छोटी पायथन स्क्रिप्ट प्रत्येक नेटवरच्या पिनांची क्रमवार यादी करते आणि त्या याद्याच ताडते. यू३ची पिन ७ आधी कोणाकोणाशी जोडलेली होती आणि आता कोणाशी आहे, एवढंच छापते. घटकांना नव्याने क्रमांक दिले असतील तर ही तुलना कोसळते, म्हणून दोन आवृत्त्यांच्या मधे री-अ‍ॅनोटेट करायचं नाही. करावंच लागलं, तर त्याचा कमिट एकटा ठेवायचा.

सुट्या भागांच्या यादीत, म्हणजे बीओएममध्ये, गट पाडू नका. एक घटक, एक ओळ: क्रमांक, मूल्य, फूटप्रिंट, उत्पादकाचा पार्ट नंबर आणि हा घटक बसवायचा की नाही ती खूण. आर१ ते आर४ एका ओळीत आले, तर एक बदलल्यावर सगळी ओळ बदललेली दिसते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हवा तो पार्ट मिळाला नाही आणि पर्यायी घेतला, की हीच यादी कामी येते, कारण त्याच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. टीओ-२२० पॅकेजमध्ये ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरचा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट, तर एलएम१११७चा ग्राउंड, आउटपुट, इनपुट. पॅकेज तेच, त्यामुळे फूटप्रिंट बदलत नाही आणि लेआउटच्या चित्रात काहीच दिसत नाही. आमचा नियम असा: बीओएममध्ये पार्ट नंबर बदलला आणि नेटलिस्ट जशीच्या तशी राहिली, तर दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून पिना जुळवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यानंतर चित्रं. प्रत्येक लेयर (बोर्डाचा थर) एसव्हीजीमध्ये काढा आणि शीर्षकाची चौकट वगळा, नाहीतर तारीख दर वेळी फरक म्हणून येईल. पानाचा आकार बोर्डाएवढा करू नका. बोर्डाची कड वाढली की पूर्ण चित्र सरकतं. पूर्ण पानच ठेवा आणि १२०० डीपीआयला पीएनजी करा. ६०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०४२ मिमीचा होतो, म्हणजे ०.१५ मिमीचा ट्रॅक साडेतीन पिक्सेलांत येतो. बारीक सरक ओळखायला ते कमी पडतं. इमेजमॅजिक या चित्रांच्या साधनाने जुनं चित्र लाल चॅनेलमध्ये आणि नवं हिरव्या-निळ्यात घाला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा कॉपर असेल, तर तसाच राहिलेला भाग काळा, काढलेला आकाशी आणि नवा लाल दिसतो.

बोर्डाच्या कडेचा लेयर यातून कधीही वगळू नका. मेन्स (२३० व्होल्ट) आणि कमी व्होल्टेजच्या मधला स्लॉट तिथेच असतो. तो चुकून पुसला गेला तर नेटलिस्ट गप्प राहते, आणि डीआरसीही (डिझाइनचे नियम तपासणारी चाचणी), कारण क्रीपेजचा, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतराचा, नियम कीकॅड ८मध्ये नाही. आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनच्या मानकानुसार प्रदूषण श्रेणी २ला स्लॉट किमान १ मिमी रुंद असला तरच क्रीपेज त्याच्या कडेने मोजता येतं; श्रेणी ३ला १.५ मिमी लागतो. मुंबईची दमट, खारट हवा बघता आम्ही १.५ मिमीच धरतो.

हे सगळं प्रत्येक मर्ज विनंतीवर (बदल मुख्य कामात घेण्याच्या मागणीवर) आपोआप चालवताना तीन ठिकाणी काम अडतं. गिटहब अ‍ॅक्शन्स ही स्वयंचलित सेवा मुळात फक्त शेवटचा कमिट खाली आणतं, त्यामुळे जुना टॅग सापडत नाही. इतिहासाची खोली ० (म्हणजे पूर्ण इतिहास) द्यावी लागते. इमेजमॅजिकचं कम्पेअर फरक सापडला की १ परत करतं आणि पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी) तिथेच नापास होते. १ चालू द्या, २ आला तरच थांबवा. ईआरसी (स्कीमॅटिकची तपासणी) आणि डीआरसीचं नेमकं उलट: उल्लंघन असताना नापास होण्याचा पर्याय स्वतः द्यावा लागतो, नाहीतर अहवालात चुका असूनही हिरवी खूण येते. डीआरसीत स्कीमॅटिकशी जुळणीची तपासणीही चालू ठेवा.

शेवटी गर्बर (लेयरांच्या) आणि ड्रिल (भोकांच्या) फाइल, कारण वेंडर फक्त त्यांवरूनच बोर्ड बनवतो. तारखेच्या ओळी गाळून दोन्ही संच ताडा आणि ड्रिलच्या आकारांची यादी वेगळी वाचा; ०.३ मिमीच्या रांगेत एकच ०.२ मिमीचा व्हाया (लेयर जोडणारं भोक) आला तरी दर बदलू शकतो. झिप पाइपलाइननेच बनवायची, तिचा एसएचए-२५६ (फाइल ओळखण्याचा ठसा) टॅगच्या संदेशात लिहायचा, आणि वेंडरला जाणाऱ्या मेलमध्येही तोच द्यायचा.