वाळीत टाकल्याची तक्रार आणि कायद्यातली फट

सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला म्हणून महाराष्ट्राने स्वतःची पाठ पुरेशी थोपटून घेतली आहे. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. तरीही पोलीस ठाण्यात गेलेला माणूस अनेकदा एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती घेऊन घरी येतो.

याचं एक कारण तक्रारीतच असतं. 'पंचमंडळी त्रास देतात, शिव्या देतात, कोणी बोलत नाही' असं लिहिलं की अंमलदाराला त्यात फक्त शिवीगाळ दिसते. सुरुवात बैठकीपासून करावी: तारीख, जागा (देऊळ, समाजमंदिर, कोणाचं अंगण), बैठक कोणी बोलावली, ठराव कोणी मांडला, आणि 'जो बोलेल त्याला' किती दंड ठरला. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरवणं हाच मुळात वेगळा गुन्हा आहे. मग परिणाम एकेक करून, नावांनिशी लिहावेत. मयताला कोणी येऊ दिलं नाही, हॉल कोणी नाकारला, किराणा कोणी बंद केला.

पुराव्याचं दुखणं मोठं. पंच लेखी काही देत नाहीत. दंडाची पावती फाडलीच तर तीही 'देणगी' म्हणून. म्हणून कागद आपणच तयार करायचा. समाजाच्या मंडळाकडे हॉलसाठी स्पीड पोस्टाने अर्ज करा, वार्षिक वर्गणी बँकेतून भरा. वर्गणी परत आली तर ती नोंद साक्षीदारापेक्षा भारी, कारण साक्षीदार बहुधा भावकीतला असतो आणि पुढे फिरतो. व्हॉट्सॲपवरचा संदेश नुसता स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवू नका. मूळ मोबाइल जपा, न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार घालणारे त्याबाहेरचे असतील, तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम लावण्याचा आग्रह धरा. त्यात सामाजिक-आर्थिक बहिष्कार स्पष्ट नमूद आहे. २०१६ च्या कायद्यातला गुन्हा मात्र जामीनपात्र आहे.

आता फट. या कायद्यातली व्याख्या एकाच समाजाच्या सभासदांभोवती बांधलेली आहे, आणि समाज म्हणजे धर्म, पंथ, जात, पोटजात. कोकणात गावकी मिळून वाळीत टाकते तेव्हा त्यात चार जातींची घरं असतात. बचावाच्या वकिलाला एवढं पुरतं. आमदारांकडे जाताना 'कायदा कडक करा' असं मोघम निवेदन नेऊ नये, त्याला केराची टोपलीच मिळते. नेमकी दुरुस्ती न्यावी: व्याख्येत 'गाव, वाडी किंवा वस्तीतील रहिवासी' हे शब्द घाला. मसुदा मात्र पाणी, दुकान, स्मशान, वहिवाट अशा नागरी हक्कांच्या भाषेत हवा. कारण धार्मिक बहिष्काराला बंदी घालणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा प्रकरणात १९६२ मध्ये रद्द केला होता. तो निकाल तपासण्याचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

दुसरी मागणी तडजोडीबद्दल. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर खटला मिटवता येतो. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, तो लांबला की 'मिटवून टाक' म्हणणारे दारात बसतात. संमती बंद दाराआड, न्यायाधीशांनी एकट्याने विचारून घ्यावी, असं कलमात यायला हवं.

निवेदनाला जोड म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या जिल्ह्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी कोण, नेमणुकीचा आदेश कोणत्या तारखेचा, या कायद्याखाली गुन्हे किती, शिक्षा किती. उत्तराची मुदत तीस दिवस.